प्रसार भारतीवरील संसदीय देखरेख

प्रसार भारतीवरील संसदीय देखरेख म्हणजे आकाशवाणी व दूरदर्शन चालवणारे प्रसार भारती हे वैधानिक महामंडळ आणि त्यासंबंधीचे केंद्र सरकारचे धोरण यांवर भारतीय संसदेने ठेवावयाचे लक्ष होय. तिचा मुख्य आधार प्रसार भारती (भारतीय प्रसारण महामंडळ) अधिनियम, १९९० हा आहे.

पार्श्वभूमी

आणीबाणीत (१९७५-७७) ही दोन्ही माध्यमे सरकारच्या प्रचारासाठी वापरली गेली. त्यानंतर जनता सरकारने नेमलेल्या बी.जी. व्हर्गीस समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती' हा स्वायत्त न्यास सुचवला. १९७९ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यामुळे बारगळले. विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात १९९० मध्ये कायदा संमत झाला. पण तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला.

कलम १३ ची समिती

महामंडळ सरकारपासून दूर न्यायचे, तर ते उत्तरदायी कोणाला, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर म्हणजे २२ सदस्यांची संसदीय समिती. तीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडले जावेत, अशी तरतूद आहे. त्यामुळे विरोधी पक्षांना संख्याबळानुसार स्थान मिळते. कलम १२ मधील उद्दिष्टे पाळली जातात की नाही हे पाहून समितीने संसदेला अहवाल द्यावयाचा आहे. १९९७ च्या वटहुकमाने ही तरतूद वगळली होती. तो व्यपगत झाल्यावर ती पुन्हा लागू झाली. प्रत्यक्षात मात्र समिती स्थापनच झालेली नाही. कलम १४ मधील प्रसारण परिषदेचीही तीच गत आहे.

प्रत्यक्षातील देखरेख

ही पोकळी काही अंशी विभागीय स्थायी समिती भरून काढते. ३१ सदस्यांची ही समिती माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते. पण दूरसंचार, टपाल व माहिती तंत्रज्ञान हे विषयही तिच्याकडेच आहेत, दैनंदिन प्रशासनात तिला लक्ष घालता येत नाही आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. याखेरीज महामंडळाचा वार्षिक अहवाल आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासलेले हिशेब दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवले जातात. कर्मचाऱ्यांचे वेतन मुख्यतः सरकारी अनुदानातून भागत असल्याने अर्थसंकल्पावरील चर्चा हीच संसदेची सर्वांत परिणामकारक संधी ठरते.

कलम २३ कमी चर्चिले जाते. देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता, राज्याची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी एखादे प्रसारण करण्याचा अथवा न करण्याचा निर्देश सरकार देऊ शकते. मात्र अशा प्रत्येक निर्देशाची प्रत दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. तोंडी किंवा अनौपचारिक सूचनेचा कोणताही कागद संसदेपुढे येत नाही.