वृद्धाश्रम : कायद्यात काय आहे?

आधार : आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. ज्येष्ठ म्हणजे वय ६० किंवा अधिक.

वृद्धाश्रम (कलम १९) : प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार ज्येष्ठांसाठी. मात्र शब्दरचना 'शासन उभारू शकेल' अशी, सक्तीची नाही. सेवांचा दर्जा, वैद्यकीय मदत, करमणूक यांची योजना राज्याने ठरवायची.

बारगळलेली दुरुस्ती : आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बाद झाले.

चरितार्थ : निर्वाहखर्चासाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. कमाल दरमहा १०,००० रुपये.

एल्डरलाइन (ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी) : १४५६७, मोफत.