पलीकडच्या कड्यावरचा ठिपका

चंदन आणि वंदन हे साताऱ्याकडचे जोडकिल्ले इतके शेजारी आहेत, की किकलीच्या शिवारातून पाहताना एकच डोंगर मधोमध खचल्यासारखा वाटतो. वर गेलं की मधली खिंड डोळ्यांत भरते. वंदनच्या काठावरून चंदनवरचा माणूस दिसतो, त्याने हात हलवला तर कळतं. पण तो काय ओरडतोय हे वारा ठरवतो. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझा जोडीदार चंदनवर, मी वंदनवर आणि दोघांच्या हातात हिरवे लेझर पॉइंटर, असे आम्ही उभे होतो.

निमित्त होतं बर्फाचं. हा मित्र गुलमर्गला स्कीइंग शिकून आला होता. आखलेल्या उतारांपलीकडे, अफरवटच्या मोकळ्या बर्फात उतरणारे लोक एकाच वेळी उतार ओलांडत नाहीत, हे त्याने तिथे पाहिलं होतं. एक जण उतरतो. दुसरा सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतो, म्हणजे हिमस्खलन झालंच तर तो नेमका कुठे गाडला गेला ते कुणाला तरी ठाऊक असतं. पहिला खाली पोहोचला की दुसऱ्याची पाळी. पण ‘आता तू ये’ हे सांगायचं कसं? ताजा बर्फ आवाज गिळतो, उरलेला वारा नेतो. बहुतेक जण छोटे रेडिओ वापरतात. काही जणांना लेझर पॉइंटरचा आधार वाटतो. पलीकडच्या उतारावर ठिपका टाकून ‘या झाडाच्या डावीकडून ये’ किंवा ‘इथे भेग आहे’ असं बोट ठेवून दाखवता येतं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण अडचण तीच आहे. वासोट्याच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते. धबधब्यात दोर सोडून उतरताना वरच्याचं खालच्याला ऐकू येत नाही. उपग्रह-फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. ती घेऊन आलेले परदेशी गिर्यारोहकही अडचणीत आलेले आहेत. म्हणजे दोन माणसांमध्ये दरी आली, की आपल्यापाशी उरते हाळी, शिट्टी आणि उजेड.

चंदनवरून हिरवा प्रकाश येईल म्हणून मी डोळे लावून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग एक लखलखाट आणि पुन्हा अंधार. फोनवर मित्र विचारतोय, “आरं, दिसतंय का?” दिसत होतं, पण धरता येत नव्हतं. कारण साधं आहे. पॉइंटरचा झोत फार कमी फाकतो. दोन गडांमधलं अंतर किलोमीटरभर धरलं, तर तिथे पोहोचेपर्यंत त्याची रुंदी जेमतेम एक मीटर होते. मनगट एका अंशाने हललं, तर तोच झोत १७ मीटर सरकतो. म्हणजे एक मीटरचा डाग १७ मीटर इकडेतिकडे नाचतोय आणि त्यात पलीकडच्याचा डोळा सापडायला हवा.

हे कोडं लेझरच्या जन्माआधीच सुटलेलं आहे, आणि ते सोडवणारा माणूस तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच नोकरीला होता. हेन्री मान्स हा पर्शियन आखाताच्या तारखात्यात कराचीला काम करत होता. १८६९ साली त्याने हेलिओग्राफ बनवला. तिपाईवर आरसा, त्याच्या मधोमध पारा न लावलेला छोटा ठिपका, समोर नेम धरायची दांडी. ठिपक्यातून पाहून दांडी पलीकडच्या ठाण्याच्या रेषेत आणायची आणि खटका दाबून आरसा किंचित कलवायचा. कवडसा जातो-येतो, मोर्सच्या लांब-आखूड खुणा उमटतात. दुसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजी फौजेने डोंगराडोंगरांवरून असे निरोप पाठवले. त्याच्याही आधी, १८२१ मध्ये, गाउस या गणितज्ञाने मोजणीसाठी सूर्याचा कवडसा दूर फेकणारं हेलिओट्रोप केलं होतं. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जॉर्ज एव्हरेस्टने ते वापरलं.

आरशाचं एक गुपित मला चंदन-वंदनवर उमगलं. सूर्याचं बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतं, म्हणून आरशातून निघणारा कवडसाही अर्धा अंश फाकतो. किलोमीटरवर तो साधारण नऊ मीटर रुंद होतो. नेम थोडा चुकला तरी चालतो. लेझर तेवढी चूक पोटात घालत नाही. त्याचा सगळा गुण त्याच्या अरुंदपणात आहे आणि हाक मारायची वेळ आली की तोच दोष ठरतो. म्हणून माझं मत स्वच्छ आहे: लेझर दाखवण्यासाठी घ्यावा, बोलावण्यासाठी नाही. बोलावायला डोक्यावरची साधी बॅटरी पुरते. तिचा उजेड पसरतो, पलीकडच्याला शोधावा लागत नाही.

दाखवण्यातही सह्याद्री आणि हिमालय वेगळे. बर्फ अंगावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकतो, म्हणून कातरवेळी त्यावर ठिपका उठून दिसतो. आमच्या काळ्या कातळाने तो पिऊन टाकला. चंदनच्या बुरुजावर टाकलेला ठिपका मला वंदनवरून अंधार पडल्यावरच कळला. दिवसाढवळ्या पाच मिलिवॅटचा पॉइंटर दरीपलीकडे जवळपास निरुपयोगी. हिरवा रंग निवडतात तो मात्र योग्यच. दिवसा आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, आणि नेहमीचा हिरवा पॉइंटर ५३२ नॅनोमीटरचा असतो. पण त्यातला हिरवा थेट तयार होत नाही. आधी अवरक्त किरण, मग स्फटिकातून त्याचं रूपांतर. कडाक्याच्या थंडीत ही साखळी लंगडते आणि बॅटरीही मान टाकते. ज्या बर्फासाठी तो घ्यायचा, तिथेच तो दगा देऊ शकतो.

उजेडाला अर्थ येतो तो आधी ठरलेल्या बोलीमुळे. तानाजी मालुसरे आपल्याच जावळीतल्या गोडवलीचे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री त्यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा गडावरचे पागेचे खण पेटवल्याचं सभासद बखरीत येतं. तो उजेड राजगडावर दिसला आणि गड आल्याचं महाराजांना कळलं. एरवी गडावर आग दिसणं म्हणजे घातही असू शकतो. त्या रात्री तिचा अर्थ ठरलेला असणार, म्हणून ती बातमी झाली. सिंहगडच्या आगीचं कौतुक करताना आपण शौर्य सांगतो आणि हा करार विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

आल्प्समध्ये क्लिंटन डेंट या इंग्रज शल्यविशारद गिर्यारोहकाने सुचवलेला संकटाचा संकेत १८९४ पासून रूढ आहे. मिनिटात सहा वेळा खूण, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटात तीन खुणा करायच्या. शिट्टीने, बॅटरीने, आरशाने, कशानेही. आपल्याकडच्या पावसाळी भटकंतीच्या कितीतरी गटांना हे ठाऊक नसतं. पाठीवर हजारोंचं सामान असतं आणि सहा-तीनचा हिशेब कुणी सांगितलेला नसतो.

पावसात मात्र उजेडाचा भरवसा धरू नये. धुक्यात लेझरची रेघ सुंदर दिसते, कारण थेंब तिला चहूकडे विखुरतात. पण विखुरलेला प्रकाश पलीकडे पोहोचत नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला येताना आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एक जण सोडून सगळे गेले. वाचलेला एकटा चढून रस्त्यावर आला, तिथून फोन लागला, मग जग हललं. महाबळेश्वर आणि पोलादपूरकडचे तरुण दोर लावून त्या दरीत उतरले. तशा दिवशी गळ्यातली शिट्टी लाखमोलाची.

लेझरची दुसरी बाजू सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला सांगायला नको. गणपतीच्या मिरवणुकांतल्या झोतांनी डोळे गेल्याच्या तक्रारी आल्या, प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागले. ती यंत्रं पॉइंटरपेक्षा कितीतरी ताकदवान असतात. पण खिशातला पॉइंटरही निरुपद्रवी समजू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के सुरक्षिततेच्या नियमात बसत नव्हते. डब्यावर पाच मिलिवॅट लिहिलेलं असतं, आत काय आहे देव जाणे. म्हणून जोडीदाराच्या तोंडाकडे झोत कधीच धरू नये. त्याच्या बाजूच्या कातळावर धरावा. आकाशाकडेही नको, विमानाच्या चालकाचे डोळे दिपतात. आणि कोयना-चांदोलीच्या जंगलात, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेल्या त्या पट्ट्यात, तो बाहेरच काढू नये. आपल्या निरोपाशी गव्याला, सांबराला काही देणंघेणं नाही.

सुरुवातीला आम्हीही एकमेकांच्या दिशेने झोत मारले, ते चुकलंच. आठ वाजता पॉइंटर पिशवीत गेले. बोली मात्र आम्ही चढण्याआधीच पायथ्याला पक्की केली होती: एक लांब म्हणजे ‘दिसलं’, दोन लांब म्हणजे ‘उतरतोय’, सलग उघडझाप म्हणजे ‘थांब’. मित्राच्या फोनची बॅटरी संपली होती. चंदनच्या काठावर डोक्यावरच्या दिव्याचा पिवळट डाग दोनदा लांब पेटला. मी एकदा पेटवून विझवला, पिशवी खांद्यावर टाकली आणि उतरायला लागलो.