वारशाने आलेली बोन्साय झाडे : नवशिक्यांसाठी काही माहिती

नोकरीच्या निमित्ताने मुंबईस गेलेल्या आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मंडळींनी गोदीत, गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत आयुष्य काढले. चाळीच्या गॅलरीत कोरफड, गवती चहा लावता लावता त्यांपैकी काही हौशी माणसांनी वड-पिंपळाची छोटी झाडे उथळ कुंड्यांत जोपासली. निवृत्तीनंतर ती झाडे ट्रंका-भांड्यांबरोबर टेम्पोत बसून गावी आली. आता ती पिढी एकेक करून आपल्यातून जात आहे आणि झाडे मागे राहत आहेत. आमच्या घरी थोरल्या काकांच्या पश्चात अशा २७ कुंड्या आल्या. जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे परतले, की घरात प्रश्न उभा राहतो : या झाडांचे काय करायचे?

खरे पाहता हा प्रश्न त्याच्या आधीच सुरू झालेला असतो. दुखवट्याच्या दिवसांत कुंड्यांकडे कोणाचेच लक्ष नसते. तीन-चार बोटे खोल कुंडीतील माती एप्रिल-मे महिन्यात एका दिवसात कोरडी होते. म्हणून ज्यांच्या घरी अशी झाडे आहेत त्यांनी शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पाणी घालण्याचे काम आजच समजावून ठेवावे. तीस वर्षांची मेहनत आठ दिवसांत वाळून गेलेली आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे.

बोन्साय हा जपानी शब्द आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लावणे. ही कला मूळची चीनमधली. तेथील राजपुत्र झांगहुआय याच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर तबकातील छोटी झाडे-दगड घेऊन चाललेले सेवक रंगवलेले आहेत. पुढे जपानमध्ये ही कला वाढली. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. आपल्या गावच्या पारावरचा वड आणि कुंडीतला वड यांचे बी एकच. मुळांना जागा मोजकी द्यायची, मुळे व शेंडे वेळोवेळी छाटायचे, एवढ्यानेच झाड लहान राहते. त्याला उपाशी ठेवावे लागत नाही. उलट खत-पाणी मिळाले नाही तर बोन्साय मोठ्या झाडापेक्षा आधी मरते.

घरात बोन्साय ठेवल्यास मुलांची प्रगती खुंटते, असे सांगणारे लोक आजही भेटतात. झाडाच्या मुळ्या छाटल्याने मुलाचे गणित कच्चे राहते असे मानण्यास कोणताही आधार नाही. तरीही या एका समजुतीपायी चांगली झाडे उकिरड्यावर गेली आहेत, म्हणून हा उल्लेख करावा लागला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला महिना काहीही करू नये. नवशिक्याला फार उत्साह असतो. कुंडी बदलावी, फांद्या सारख्या कराव्यात, खत घालावे असे वाटते. हे सर्व टाळावे. झाड ज्या जागी, ज्या दिशेला तोंड करून होते तेथेच शक्यतो ठेवावे. एक वही घेऊन प्रत्येक कुंडीला क्रमांक द्यावा, झाडाचे नाव लिहावे व समोरून एक फोटो काढून ठेवावा. गेलेल्या माणसाची काही टिपणे असतील तर ती जपावीत. आमच्या काकांच्या डायरीत दुधाच्या हिशेबाशेजारीच ‘नांदरुक, माती बदलली’ अशा तारखेसह नोंदी सापडल्या आणि त्यांवरून पुढच्या तीन वर्षांचे काम ठरवता आले.

या नियमाला एकच अपवाद, तो म्हणजे तार. फांदीला वळण देण्यासाठी तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची किंवा तांब्याची तार गुंडाळलेली असते. पावसाळ्यात वडाच्या कुळातील झाडे इतक्या वेगाने जाड होतात की काही आठवड्यांतच तार सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षे जात नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक फांदी पाहावी. तार रुतू लागली असेल तर ती उलगडत बसू नये, फांदी मोडते. पकडीने तिचे लहान लहान तुकडे करून ते काढावेत.

पाणी हा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. ‘दिवसातून एकदा’ असा नियम पाठ करून झाड जगत नाही. बोट मातीत पेराएवढे खुपसावे. ओल लागली तर थांबावे, वरची माती कोरडी लागली तर पाणी द्यावे आणि ते कुंडीच्या बुडाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत द्यावे. चुळकाभर पाण्याने वरची माती भिजते व खालची मुळे कोरडीच राहतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागते, थंडीत बहुधा एक-दोन दिवसांआड पुरते. माती अगदी सुकून दगड झाली असेल तर वरून घातलेले पाणी कडेने निसटून जाते. अशी कुंडी बादलीभर पाण्यात बुडे येणे थांबेपर्यंत ठेवावी.

आपले दोन्ही तालुके पावसाच्या बाबतीत एकसारखे नाहीत. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूला पाऊस धो-धो कोसळतो, तर पूर्वेकडे तो हात आखडता घेतो. पश्चिमेकडील घरांत पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा पाणी काढण्याचीच काळजी अधिक. कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सारून ती किंचित कलती ठेवली की पाणी साचत नाही. पूर्वेकडे विहिरी व बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असते. कुंडीच्या काठावर व मातीवर पांढरा थर दिसू लागला की त्याचे कारण तेच. पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवून अधूनमधून ते द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांपुरती. १४ एप्रिलची जयंती, १ जानेवारीचे भीमा कोरेगाव, ६ डिसेंबरची चैत्यभूमी या दिवसांत आपली घरे कुलूपबंद असतात. डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस निभावतात. एप्रिलमध्ये निभावत नाहीत. कुंड्या सावलीत एकत्र आणून त्यांखाली ओले गोणपाट अंथरावे, वरून मातीवर ओले शेवाळ किंवा फडके घालावे, आणि तरीही शेजाऱ्याला सांगून जावे.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक, चिंच, बोर, बोगनवेल ही सारी उन्हातली झाडे आहेत. ती टीव्हीवर किंवा शोकेसमध्ये ठेवण्याची वस्तू नव्हे. पाहुणे आले तर दोन-चार तास घरात आणावीत व पुन्हा बाहेर न्यावीत. मे महिन्यात मात्र स्लॅबवर थेट ठेवलेली कुंडी तव्यासारखी तापते व मुळे भाजतात. विटांवर फळी टाकून त्यावर कुंड्या ठेवाव्यात व दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी बांधावी. लेण्याद्रीच्या बाजूला माकडांचा उपद्रव असतो, तेथे जाळी चारही बाजूंनी बांधणे बरे.

संग्रहातील सर्व झाडांना एक माप लावू नये. वडाच्या कुळातील झाडे चिवट असतात, नवशिक्याने हात बसवायचा तो त्यांच्यावरच. जेड आणि अडेनियम पानांत व खोडात पाणी साठवतात. त्यांना कमी पाणी द्यावे, नाहीतर ती बुडातून सडतात. जुनिपर हे थंड हवेचे झाड आपल्याकडे नाजूकच राहते, आणि त्याची गंमत अशी की मेल्यावरही ते काही आठवडे हिरवे दिसते. पिंपळाचे याच्या उलट असते. तो उन्हाळ्याच्या तोंडावर सारी पाने टाकून उघडा होतो आणि लोक त्याला मेलेला समजून फेकून देतात. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे व ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे.

माती बदलण्याचे काम दोन-तीन वर्षांनी एकदा येते. मुळे कुंडीच्या कडेने गोल फिरू लागली, पाणी झिरपेनासे झाले, की वेळ आली असे समजावे. वडाच्या कुळातील झाडांसाठी जूनमधील पहिल्या पावसाच्या आगेमागेचा काळ उत्तम. झाड अलगद काढून लाकडी काडीने जुनी माती मोकळी करावी, मुळांचा सुमारे एक तृतीयांश भाग धारदार कात्रीने छाटावा. आपल्या शेतातली काळी माती येथे उपयोगाची नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. विटांचा चाळलेला बारीक चुरा (धूळ काढून टाकून), नदीची जाड वाळू आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत समप्रमाणात घ्यावे. विटांचा चुरा कमी पडला तर चाळलेला मुरूम चालतो. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवावा व झाड हलू नये म्हणून मुळे तारेने कुंडीला बांधावीत. नंतर पंधरा दिवस सावलीत ठेवावे. सर्व कुंड्या एकाच वर्षी काढू नयेत. आम्ही वर्षाला आठ-नऊ अशा तीन भागांत हे काम उरकतो. काही बिघडलेच तर सगळा संग्रह एकदम धोक्यात येत नाही.

खताला शेणखत आणि निंबोळी पेंड पुरेशी आहे. तीही पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, चिमूट-चिमूट. युरियाचे दाणे शेतात शोभतात, चार बोटे मातीत नव्हे. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने तो काढावा. नंतर ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, गाळावी आणि एक लिटर पाणी करून संध्याकाळी फवारावी. मुंग्यांची रांग दिसली तर किडीचा शोध घ्यावा, त्या बहुधा तिच्याच मागावर आलेल्या असतात. कीड ओळखता आली नाही तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवावे. चांगली बोन्साय कशी दिसतात हे ज्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन चुकवू नये.

वारशाने आलेल्या झाडाचे आयुष्य किती असू शकते याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. जपानमधील हिरोशिमा येथे यामाकी घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक पाइनचे बोन्साय होते. १६२५ पासून ते कुंडीत आहे असे मानतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा ते स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर एका भिंतीच्या आडोशाला होते आणि वाचले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला ५३ बोन्साय झाडे भेट दिली, त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. ज्या देशाने बाँब टाकला त्यालाच! या झाडाने बाँब सोसला आहे हे मात्र वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला पुढे २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहायला आले तेव्हा कळले. झाडाची हकिकत झाडाबरोबर लिहून ठेवलेली नसली की अशी पंचवीस वर्षे निघून जातात. आपल्या वहीत ‘हे रोप कोठून आणले’ हा रकाना अवश्य असावा.

जुन्नरला झाडांच्या नोंदी नव्या नाहीत. येथील लेण्यांतील एका शिलालेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या संदर्भात २० निवर्तने व वडाच्या संदर्भात ९ निवर्तने जमिनीचे दान एका श्रेणीकडे सोपवल्याचे कोरलेले आहे. ही दाने झाडे लावण्यासाठी होती की त्या झाडांजवळच्या जमिनीची होती याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दाता गेल्यावरही व्यवस्था चालावी म्हणून ती एका संस्थेवर सोपवली गेली, ही गोष्ट आम्हाला विचार करण्यासारखी वाटते.

वाटणीचा प्रश्नही येतोच. भावाभावांत कुंड्या भांड्यांप्रमाणे मोजून वाटल्या तर मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये गेलेली झाडे वर्षभरात संपतात. ज्याला रोज पाहणे जमेल त्याने झाडे घ्यावीत, बाकीच्यांनी फांद्या घ्याव्यात. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बोधगयेहून नेलेल्या फांदीचा, असे परंपरा सांगते. आणि बोधगयेचा आजचा वृक्षही जुना पडल्यावर १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी लावलेला आहे. जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी कापावी, चीक पुसावा, खालची पाने काढून ओल्या वाळूत खोचावी व सावलीत ठेवावी. वड आणि नांदरुक सहज धरतात, पिंपळ थोडा हट्टी आहे, त्याच्या चार-पाच फांद्या लावाव्यात. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी तर जुन्या वाड्यांच्या भिंतींत व विहिरींच्या कठड्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेली वड-पिंपळाची रोपे भरपूर आहेत. ती नाहीतरी काढावीच लागतात. भीमाशंकर अभयारण्यातून मात्र एकही रोप उपटून आणू नये, तो गुन्हा आहे.

आणि ज्यांना हे काहीच शक्य नाही त्यांनी झाड शाळेस द्यावे किंवा जमिनीत लावावे. त्यात मृताचा अवमान होत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, दोन फूट खोल-रुंद खड्डा घेऊन, कुंडीतला मुळांचा गोळा कडेने मोकळा करून लावलेला वड काही वर्षांत इतर वडांसारखाच वाढू लागतो. फक्त विहाराच्या, शाळेच्या किंवा घराच्या भिंतीपासून त्याला चांगले ५०-६० फूट दूर ठेवावे, आणि पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण घालावे.