भडक नव्हे, ठसठशीत!

बाबा फौजेत असल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी आमचे घर बदलते. गाव बदलते, शाळा बदलते, पण क्वार्टरच्या भिंतींचा फिकट पिवळा रंग मात्र बदलत नाही! मी तिसरीत असताना एका नव्या क्वार्टरमध्ये पहिल्याच रात्री रडू लागलो. सामानाच्या पेट्या अजून उघडायच्या होत्या. आईने भांड्यांच्या आधी झेंडूच्या रंगाचे, मोठ्या फुलांचे पडदे काढले आणि खिडकीला लावले. ते पाहताच मला आपण घरी आहोत असे वाटले. रंगात एवढी ताकद कशी असते, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता.

याचे उत्तर मला अमेरिकेतील एका हॉटेलच्या माहितीत सापडले. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्रीनब्रायर नावाचे भव्य हॉटेल आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्याने ते घेतले आणि तेथे २,००० खाटांचे लष्करी रुग्णालय उभे केले. हजारो जखमी सैनिक तेथे बरे झाले. १९४६ मध्ये रेल्वे कंपनीने इमारत परत घेतली व सजावटीचे काम डोरोथी ड्रेपर या बाईंकडे सोपवले. १९४८ मध्ये हॉटेल पुन्हा उघडले, तेव्हा रुग्णालयाची खूणही उरली नव्हती. गर्द हिरव्या व गुलाबी भिंती, रुंद पट्टे, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी आणि कापडावर ऱ्होडोडेंड्रॉनची मोठमोठी फुले! ऱ्होडोडेंड्रॉन हे त्या राज्याचे फूल आहे.

इतके रंग एकत्र येऊनही डोळ्यांना का खुपत नाहीत? मला समजलेली कारणे अशी :

पहिले, पांढरा रंग. दोन गडद रंगांमध्ये दारे-खिडक्यांच्या चौकटींचा पांढरा पट्टा असला, की प्रत्येक रंग आपल्या हद्दीत राहतो.

दुसरे, आकार. मोठ्या दालनात बारीक नक्षी लांबून एकमेकांत मिसळते व मळकट दिसते. तेथे मोठेच फूल हवे.

तिसरे, पुनरावृत्ती. भिंतीचा रंग उशीत किंवा गालिच्यात पुन्हा दिसला, की खोली एकसंध वाटते. परेडमध्ये सर्वांचे पाऊल एकदम पडावे, तसेच हे.

आमच्या हाऊसच्या कॉमन रूमला या सुट्टीत रंग द्यायचा आहे. हाऊसमास्टर सरांनी सूचना मागवल्या, तेव्हा मी लिहून दिले : एक भिंत गर्द हिरवी, चौकटी पांढऱ्या, पडदे झेंडूच्या रंगाचे. मित्र हसले. म्हणाले, “अरे, ही फौजी शाळा आहे, हॉटेल नाही!”

मी त्यांना ग्रीनब्रायरची पुढची गोष्ट सांगितली. शीतयुद्धाच्या काळात याच हॉटेलखाली अमेरिकी संसदेसाठी गुप्त बंकर बांधला गेला. त्याचा एक दरवाजा रंगीत वॉलपेपर लावलेल्या भिंतीआड लपवला होता. १९९२ पर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता! तेव्हा रंग आणि फौज यांचे वैर नाही.

पण मला खरे सांगायचे होते ते वेगळेच. दरवर्षी सहावीची नवी मुले येतात आणि पहिल्या रात्री उशीत तोंड लपवून रडतात. मीही रडलो होतो. त्यांना शिस्त आम्ही शिकवूच, पण सकाळी डोळ्यांसमोर एखादी हसरी भिंत असावी.

सरांनी एका भिंतीला परवानगी दिली आहे. पडद्यांसाठी मी आईला पत्र लिहिले आहे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी