परिचर्या : सेवेकडून व्यवसायाकडे

बरा होऊन घरी निघालेला रुग्ण डॉक्टरांचे आभार मानतो आणि सिस्टरच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवतो. डॉक्टरांकडे ज्ञान आहे आणि सिस्टरकडे माया, अशी आपण मनोमन वाटणी करून टाकलेली असते. चांगली परिचारिका स्वभावाने घडते की शिक्षणाने, हा वाद या पेशात दीडशे वर्षांहून जुना आहे.

गंमत म्हणजे या वादात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल अनपेक्षित बाजूला उभ्या होत्या. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी त्या ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या. जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक मरत होते, हे पुढे त्यांनी आकडेवारीने मांडले. आपल्याला आठवतो तो रात्रीच्या फेरीतला त्यांच्या हातचा दिवा. पण त्यांचे खरे हत्यार होते नोंदवही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि पेशाला शिस्त आली. मात्र परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला. चारित्र्य परीक्षेने कसे मोजणार, असा त्यांचा मुद्दा होता. नोंदणीसाठी झुंजल्या त्या ब्रिटिश परिचारिका एथेल बेडफर्ड फेनविक. १९०१ मध्ये न्यूझीलंडने असा कायदा केला. ब्रिटनमध्ये तो यायला १९१९ उजाडले.

हिंदुस्थानात या पेशापुढे आणखी एक भिंत होती, ती विटाळाची. रक्त, मलमूत्र, परक्या पुरुषाचा स्पर्श आणि रात्रपाळी यांमुळे ‘चांगल्या घरची’ मुलगी या वाटेला जाईना. मद्रासमध्ये १८७१ साली प्रशिक्षण सुरू झाले. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाने भारतीय स्त्रियांना या शिक्षणाची दारे उघडली. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या. ते माणुसकीचे शिखर होते. पण साथींशी लढायला प्रशिक्षित हातांची फौज लागते. ती उभी करण्याची वाट पुण्यात सेवासदनाने दाखवली. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. ज्या विधवांना घरात कोपरा मिळत होता, त्यांना यातून पगार आणि पत मिळू लागली. मंगलकार्यात जिचे दर्शन नको, तिच्याच हातचे औषध समाजाला चालू लागले.

पुढची वाटचाल कायद्यांची आहे. परिचारिकांची देशव्यापी संघटना १९०८ मध्ये उभी राहिली. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये आला, तर भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ मध्ये. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ मध्ये पदवीचे शिक्षण सुरू झाले. २०२३ मध्ये जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग आणणारा कायदा संमत झाला. कागदावर तरी वाद निकालात निघाला : परिचर्या हे शिकण्याचे, तपासण्याचे आणि जाब देण्याचे काम आहे.

वॉर्डात मात्र तो निकाल अजून पोहोचलेला नाही. व्यावसायिकता म्हणजे पांढराशुभ्र गणवेश आणि गोड बोलणे नव्हे. औषध देण्याआधी रुग्णाचे नाव, मात्रा आणि वेळ पडताळणे, दिलेले लगेच कागदावर चढवणे, पाळी बदलताना प्रत्येक खाटेचा ‘ओव्हर’, म्हणजे रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला नीट देणे, नाडी बिघडल्याचे पहिल्यांदा ओळखणे आणि डॉक्टरांच्या लिहिण्यात चूक दिसली तर विचारण्याचे धैर्य दाखवणे, ही व्यावसायिकता.

तिचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. १९७३ मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर कामाच्या जागीच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला आणि २०१५ मध्ये अरुणा यांचे निधन होईपर्यंत केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या शुश्रूषेची प्रशंसा केली. चार दशके अंथरुणाला खिळलेल्या देहाची निगा राखायला माया लागतेच. पण कूस बदलण्याचे, त्वचा तपासण्याचे, भरवण्याचे शास्त्रही लागते. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तरी काम थांबले नाही. इतकी वर्षे टिकते ती पद्धत. नुसता उमाळा टिकत नाही.

तरीही मोबदल्याचा विषय निघाला की समाज पुन्हा ‘सेवाभावा’कडे वळतो. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने, ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही वेतन महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकषही पाळला गेलेला क्वचितच दिसतो. करोनाकाळात थाळ्या वाजल्या. त्याने रिकामी पदे भरली नाहीत.

परिचारिकेला देवी म्हणणे सोपे आहे, कारण देवीला पगार द्यावा लागत नाही. म्हणून वाचकहो, आप्ताला रुग्णालयात दाखल करताना खोलीचे भाडे विचाराल, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा : रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, आणि तिची राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का? हे प्रश्न आपण विचारू लागलो, तरच रुग्णालयांना त्यांची उत्तरे द्यावी लागतील.