प्रोसेसर थंड, पण खोलीचं काय?

गिरगावातल्या खोताच्या वाडीतून निघून प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाउस मागे टाकलं की थोड्याच वेळात लॅमिंग्टन रोड लागतो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण मदरबोर्ड घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी हे नाव क्वचितच येतं. तिथल्या दुकानांत ओव्हरक्लॉकिंगचा नाद असलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एअर कूलर घेऊ की लिक्विड? रेडिएटर २४० चा की ३६० चा? पेस्ट कुठली? ज्या खोलीत हा संगणक ठेवायचा, तिची चौकशी मात्र ना गिऱ्हाईक करतं ना दुकानदार. मुंबईत घोडं नेमकं तिथेच अडतं.

प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर एका ठरावीक ठोक्यावर उघडझाप करतात. हा ठोका कंपनीने आखून दिल्यापेक्षा जलद करायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए या कामात फार गाजला. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झवरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्तातला प्रोसेसर ४५० वर धावू लागायचा. आता ती चंगळ संपली. कंपन्या स्वतःच चिप तिच्या मर्यादेला भिडवून विकतात. आपल्या हाती उरतात ते शेवटचे पाच-दहा टक्के, आणि तेच सगळ्यात महाग पडतात.

महाग पडण्याचं कारण साधं आहे. चिपला लागणारी वीज वारंवारितेच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारिता १० टक्के वाढवली आणि ती पेलावी म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ चा तीनदा गुणाकार करायचा: वीज १० नव्हे, ३३ टक्के जास्त. वर आणखी एक भुर्दंड असतो. चिप तापली की ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यांतून झिरपणारा प्रवाह वाढतो, त्याने चिप आणखी तापते.

ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती निर्माण होते ती जागा किती लहान! इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण जोरात असताना कंपनीच्याच मर्यादेप्रमाणे २५३ वॅट घेतो. त्यातला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० वॅट. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तिथे हेच प्रमाण पाच वॅटवर येतं. इस्त्रीच्या वीसपट दाटीने निघणारी ही उष्णता चिपचं तापमान शंभर अंशांवर जाऊ न देता बाहेर काढायची असते. शंभर ओलांडायची वेळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि ओव्हरक्लॉकिंगचा सगळा खटाटोप पाण्यात जातो.

चिपवरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. फटीत हवा, आणि हवा उष्णतेची कट्टर वैरी. तांबं तिच्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगलं वाहक आहे. म्हणून पेस्ट. ती फक्त फटी बुजवण्यापुरती हवी. स्वतः पेस्टची वाहकता तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे जाड थर दिला तर तोच आडवा येतो. पुढचं काम हीट पाइपचं. या तांब्याच्या नळीत कमी दाबाखाली थोडं पाणी असतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याखालच्या पत्र्यांशी ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंप नाही, आवाज नाही. इतकी सुबक युक्ती शंभर-दोनशे वॅटसाठी राबते आणि कुणाचं तिच्याकडे लक्षही जात नाही.

कूलर थंडावा निर्माण करत नाही, तो उष्णता हलवतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं गणित सोपं होतं. समजा, एका कूलरमुळे दर वॅटमागे चिप भोवतालच्या हवेपेक्षा पाव अंश जास्त तापते. २०० वॅटला झाले ५० अंश. वीस अंशांच्या खोलीत चिप ७० वर राहील, तेहतीस अंशांच्या खोलीत ८३ वर. कूलर तोच, पेस्ट तीच. थंड देशातल्या चाचणीचा व्हिडिओ पाहून गिरगावात कूलर घेणाऱ्याने म्हणून तापमानाच्या आकड्यापेक्षा खोलीच्या वर किती अंश, हे पाहावं.

लिक्विड कूलरबद्दल तर गैरसमज फारच आहेत. त्यातलं पाणीही खोलीच्या हवेनेच गार होतं. पाणी उष्णता फक्त मोठ्या रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. यंत्रात पाणी असतं किती? ३०० मिलिलिटर धरू. २५० वॅट त्यात ओतले आणि पंखे बंद ठेवले, तर दर पाच सेकंदांना पाणी एक अंशाने तापेल. पंखे चालू असले तरी पाण्याचं तापमान स्थिरावायला कित्येक मिनिटं लागतात. दोन मिनिटांची चाचणी करून ‘बघा, साठच्या वर जात नाही’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अर्धा तास चालवून मग आकडा पाहावा. पाण्याचा खरा फायदा मोठ्या यंत्रांना होतो. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेलं आहे, कारण तितकी उष्णता नुसत्या हवेने हलवणं परवडत नाही. तिथेही ती इमारतीबाहेर टाकण्याची सोय वेगळी करावीच लागते.

घरी ती सोय म्हणजे खिडकी. जोरात खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्ड धरून संगणक ५०० वॅट सहज घेतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. ही उष्णता बाहेर घालवायची आणि खोली बाहेरपेक्षा तीनच अंशांनी गरम ठेवायची, तर खोलीतली सगळी हवा दर चार मिनिटांनी बदलायला हवी. खोताच्या वाडीतल्या जुन्या लाकडी घरांत उंच छपरं, समोर व्हरांडा, समोरासमोर खिडक्या. समुद्रावरचा वारा आत आला तर हे जमून जातं. पण वाडीतली अशी घरं एकेक करून कमी होत चालली आहेत आणि भोवती टॉवर उभे राहत आहेत. टॉवरमधल्या बंद खोलीत एसीच तारणहार. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याचा सातवा हिस्सा एकट्या संगणकाने खाल्ला, आणि ती उष्णता ओढण्याची वीज ‘बेस्ट’च्या बिलात वेगळी. चाळीतल्या खोलीत तर कॅबिनेट बहुधा टेबलाखाली, भिंतीला पाठ टेकवून ठेवलेलं असतं. मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून पुढून पुन्हा आत शिरते. कॅबिनेट वीतभर पुढे ओढणं हा फुकटातला कूलर आहे. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या वाफा आणि दमट हवेतली धूळ मिळून पत्र्यांवर चिकट थर बसतो. तो ब्रशने महिन्या-दोन महिन्यांनी काढलाच पाहिजे.

मग खोलीपेक्षाही थंड का करू नये? जगातले विक्रमवीर तेच करतात. डिसेंबर २०२२ मध्ये आय९-१३९००के प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झची पातळी ओलांडली ती उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमच्या जोरावर, आणि तीही काही क्षणांपुरती. त्यांची नक्कल करत बर्फाचं पाणी फिरवायचा मोह आपल्याकडेही होतो. पण हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांवर येतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे रोजचंच. २६ च्या खाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार. म्हणजे जेमतेम चार अंशांच्या फायद्यासाठी मदरबोर्ड ओला करायचा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर जातो, पण हवा कोरडी असते आणि रात्री तो विशीच्या आसपास उतरतो; तिथला हौशी माणूस रात्री प्रयोग करू शकतो. मुंबईची मे महिन्यातली रात्रही २७ अंशांची, आणि घामट.

माझ्या मते गिरगावकराने उलट्या दिशेने जावं. वारंवारिता आहे तीच ठेवून व्होल्टेज हळूहळू उतरवायचं, म्हणजे अंडरव्होल्टिंग. वर्गाचा नियम आता आपल्या बाजूने असतो: व्होल्टेज पाच टक्के उतरलं तर वीज जवळपास दहा टक्के कमी होते, आणि वेग तसाच राहतो. जास्त व्होल्टेजची धास्तीही कमी होते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून अस्थिर होत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे नुसतं थंड ठेवून भागत नाही.

तरीही वेग वाढवायचाच असेल, तर डिसेंबरात ठरवलेल्या सेटिंगवर विसंबू नका. मे महिन्याच्या दुपारी, दारं-खिडक्या रोज असतात तशाच ठेवून, अर्धा तास पूर्ण भार द्या. तेव्हा प्रोसेसर नव्वदच्या आत राहिला, तरच ती सेटिंग कायम ठेवा.