लॅटिनचे मास्तर आणि औरंगाबादचा दिवाणखाना

शिकवणीचे मास्तर आणि बड्या घरचा विद्यार्थी यांचा संबंध परीक्षेबरोबर बहुधा संपतो. फार तर पुढे कधी रस्त्यात नमस्कार घडतो. पण एका मास्तरांचा असा संबंध एकतीस वर्षे टिकला, महायुद्धातही तुटला नाही. आणि त्याचे एक टोक आमच्या गावात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, सापडते. हे मास्तर म्हणजे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर.

१९०५ साली जर्मनीतील पोमेरेनियात काउंटेस फॉन आर्निम या सरदारीण बाईंच्या घरी राहून त्यांनी मुलींना शिकविले. पुढच्या वर्षी इंग्लंडात वेब्रिज गावी त्यांना नवा शिष्य मिळाला : सतरा वर्षांचा सय्यद रॉस मसूद, अलीगढच्या सर सय्यद अहमदखानांचा नातू. ऑक्सफर्डसाठी त्याला लॅटिन हवे होते. ते किती आले देव जाणे! कंटाळा आला की हा धिप्पाड शिष्य मास्तरांनाच उचलून गुदगुल्या करी. आमच्या वर्गात असा विद्यार्थी अजून निपजला नाही, हे आमचे भाग्य.

या शिष्याच्या ओढीने १९१२ च्या ऑक्टोबरात फॉर्स्टर हिंदुस्थानात आले. १९१३ च्या मार्चअखेर ते औरंगाबादेस मसूदच्या एका मुन्सफ मित्राकडे उतरले. दौलताबाद, वेरूळ पाहणे झालेच. पण मनात घर केले ते यजमानांच्या बागेकडे उघडणाऱ्या कमानींच्या दिवाणखान्याने. एकदा घोड्यावरून फिरताना यजमान एकाएकी उसळून म्हणाले, पन्नास वर्षे लागोत की पाचशे, आम्ही तुम्हां इंग्रजांना घालवणारच! पाहुण्याने ते मुकाट्याने रोजनिशीत टिपून घेतले.

मायदेशी परतून त्यांनी कादंबरी सुरू केली. ती अडली आणि १९१४ साली युद्ध पेटले. ज्या जर्मनीत आपण मुलींना शिकविले तोच देश आता शत्रू! १९१५ च्या नोव्हेंबरात रेडक्रॉसच्या कामावर ते अलेक्झांड्रियास गेले. रुग्णालयातील जखमी शिपायांपाशी बसून बेपत्ता सोबत्यांची चौकशी करायची, हे त्यांचे काम. डिसेंबरात तेथून मसूदला पत्र गेले : हिंदुस्थानापुढे इजिप्त फिके वाटते, ओढ लागून राहिली आहे ती तिकडचीच. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही आगबोट जर्मन पाणबुडीने क्रीटजवळ बुडविली; तीनशेहून अधिक माणसे गेली. त्या काळी पत्र टाकणे म्हणजे ते समुद्राच्या स्वाधीन करणे होते. त्यातून मसूद पत्रोत्तराला मोठा आळशी. मास्तर रुसत आणि पुन्हा लिहीत. १९१६ पासून मसूद हैदराबाद संस्थानच्या शिक्षणखात्याचा प्रमुख होता; म्हणजे औरंगाबादच्या शाळाही त्याच्याच हाताखाली.

१९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांनी फॉर्स्टरना खाजगी चिटणीस म्हणून बोलाविले. शाहू महाराजांचे हे जावई. त्यांचे शिकवणीचे मास्तर माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टरचे केंब्रिजचे स्नेही, त्यामुळे ओळख जुनी होती. तेथून मायलेकांत जी पत्रे गेली त्यांचे पुढे, १९५३ साली, पुस्तकच झाले. अर्धवट कादंबरी मात्र देवासातही हलली नाही. वर्षअखेर हैदराबादेस मसूदची गाठ घेऊन ते परतले आणि मग ती पुरी केली.

‘अ पॅसेज टु इंडिया’ १९२४ साली निघाली, मसूदला आणि सतरा वर्षांच्या स्नेहाला अर्पण होऊन. तीत फील्डिंग मास्तरांचे घर आहे, तो आमच्या औरंगाबादचा दिवाणखाना. आणि शेवटी घोड्यावरचा अझीज जे बोलतो, ते त्या मुन्सफांचे बोलणे.

मसूद १९३७ च्या जुलैत भोपाळला वारला. तुकोजीरावही त्याच वर्षी पाँडिचेरीत गेले. मसूद भेटला नसता तर आपण हिंदुस्थानात आलोच नसतो, अशा अर्थाचा मृत्युलेख फॉर्स्टरनी लिहिला. तो छापला गेला अंजुमन तरक्की-ए-उर्दूच्या ‘उर्दू’ त्रैमासिकात. आणि ते त्रैमासिक तेव्हा निघत असे औरंगाबादेतून.